प्रेशर वाढलंय, तासाभरानं सोडणार

मी एकदा मेले होते. तलासरीला, कारखान्यात, सकाळी अकराच्या सुमारास. माझ्या मरणाला घोलवडहून चिकूच्या टेम्पोतून पंधरा-सोळा माणसं आली होती, आणि तीही साखरपुड्याच्या कपड्यांत. अजून कुणी हा विषय काढला की आई उठून आत जाते. मला मात्र हसू आवरत नाही, आणि त्यावरून मी बोलणी खाते.

साल दोन हजार सतरा. पॉलिमर विषय घेऊन मी एम.एस्सी. झाले होते आणि घरी बसून सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटत होते. बाबांचं म्हणणं सरळ होतं, आपली चिकूची वाडी आहे, तिथं काम कमी आहे का? काम भरपूर होतं, पण मला शिकलेलं वापरायचं होतं. शेवटी हायवेपासून जरा आत, तलासरीतल्या एका लहान कारखान्यात मला घेतलं. मालक गुजरातच्या बाजूने रोज गाडीने यायचे. त्यांना सगळे शेठ म्हणायचे, आणि ते सगळ्या बायकांना बेन म्हणायचे, मलासुद्धा.

कारखान्यात बोये बनायचे. मासेमारीचं जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून त्याच्या वरच्या दोरीला जे हलके गोळे ओवतात, ते बोये. बनवायची पद्धत अशी की फोमच्या पातळ शीटवर ब्रशने सोल्यूशन फासायचं, शीट एकमेकींवर चिकटवायच्या, दाबून ठेवायच्या आणि मग कापून गोल करायच्या. सोल्यूशन म्हणजे टोल्युइनमध्ये विरघळवलेलं रबर. पहिल्या दिवशी मी त्या खात्यात दहा मिनिटं उभी राहिले. आधी उगाचच हसू यायला लागलं, मग जमीन डावीकडे सरकली. तिथल्या बायका आठ-आठ तास उभ्या असायच्या.

त्यातली एक जवळच्या पाड्यावरची होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे, ती मला मॅडम. तिची एक मुलगी होती, पाच वर्षांची. एकदा डबा खाता खाता ताई म्हणाली, "पोरगी माझ्याजवळ झोपत नाय. आजीकडं जाते."

"का गं?"

"बोलते, आई, तुझ्या केसांना डबा येतो."

डबा म्हणजे सोल्यूशनचा डबा, त्याचा वास. ताईची शिकेकाई लावून झाली होती, लिंबू चोळून झालं होतं, कुणी सांगितलं म्हणून राखसुद्धा फासून झाली होती. टोल्युइन कसलं ऐकतंय. ताई हे हसत हसत सांगत होती, पण भाकरी तिने तशीच गुंडाळून ठेवली.

मग शेठनी हंडा आणला. कुठला तरी फुलांचे आणि मसाल्यांचे अर्क काढणारा कारखाना बंद पडला होता, तिथून जाड पोलादाचं एक जुनं भांडं त्यांना स्वस्तात मिळालं. त्यात सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरून दाब द्यायचा, असं ते प्रकरण. शेठना कुणीतरी सांगितलं होतं की यात प्लास्टिक फुगवता येतं. खरं तर मला घेतलं होतं ते याचसाठी. हंडा पाहिला आणि मी इतकी हरखले की त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. शेठ म्हणाले, "बेन, लग्न नाय लावायचा, मशीन चालवायचा."

ताईला मी हा प्रकार समजावला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सांगितलं की सीओटूला एकतीस अंशांच्या वर तापवलं आणि आपल्या हवेच्या सत्तरहून जास्त पट दाब दिला की तो वेगळाच होतो. वाऱ्यासारखा कुठेही शिरतो आणि पाण्यासारखा विरघळवतो. प्लास्टिकच्या गोळ्यात तो पाकासारखा मुरतो. मग दाब काढून घेतला की आतून बाहेर पडताना गोळ्याला फुगवतो. आणि निघून गेला की मागे काही म्हणजे काही ठेवत नाही.

"वास?" ताईने विचारलं.

"वाससुद्धा नाही."

तिने हंड्यावर बोटाने टकटक केलं. "म्हणजे ते पाणी पण नाय, वारा पण नाय."

"बरोबर."

"मग हाय काय?"

"त्याला सुपरक्रिटिकल म्हणतात."

ताईला तो शब्द फार आवडला. दिवसभर म्हणत होती. चहा फार कडक झाला तरी सुपरक्रिटिकल, शेठ चिडले तरी सुपरक्रिटिकल. मीच हसून हसून तिला चढवून ठेवलं, तेव्हा पुढे जे झालं त्याचा अर्धा दोष माझा.

मी शेठकडून ताईला मागून घेतलं, पण ते निम्मंच द्यायला तयार झाले. सकाळी माझ्याबरोबर हंड्यावर, दुपारी परत सोल्यूशनला. त्यामुळे तिच्या केसांचा डबा काही जाईना. शेठनी स्पष्ट सांगून टाकलं, "हंडा चालला तर ही बेन कायमची इकडे. नाय चालला तर हंडा वापीच्या भंगारवाल्याला, आणि बेन परत डब्यावर." मी म्हटलं, बघाच तुम्ही. अशी बढाई मारायची मला भारी हौस.

हंडा चालेना. म्हणजे चालायचा, पण बोये भयंकर निघायचे. कारण मला माहीत होतं आणि शेठनाही माहीत होतं. दाब फटकन सोडला तरच आत असंख्य बारीक बुडबुडे एकदम उठतात. हळू सोडला तर वायू कडेकडेने पळून जातो आणि आत चार मोठी भोकं राहतात. फटकन सोडायला हंड्याला मोठा व्हॉल्व्ह होता, त्याचा पाइप छपराच्या वर काढलेला होता, सगळं त्यासाठीच बनवलेलं. पण पहिल्याच दिवशी मी तो उघडला तेव्हा असा काही आवाज झाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून हायवेपर्यंत गेली. म्हशीचा मालक तिला घेऊन आला तो थेट आमच्या ऑफिसात, म्हशीसकट. त्या दिवशी शेठनी मोठ्या व्हॉल्व्हला लाल चिंधी बांधली आणि कुणी हात लावायचा नाय म्हणून सांगितलं. तेव्हापासून बारीक व्हॉल्व्हमधून चाळीस मिनिटं थोडा थोडा दाब सोडायचा.

मी भांडले. रोज भांडले. "शेठ, फटकन सोडल्याशिवाय बारीक बुडबुडे येणार नाहीत."

"बेन, फटकन कुठलाच काम चांगला होत नाय."

मी इतक्या वेळा दार आपटलं की कडी निखळली. ताईने ती तारेने बांधून दिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं प्रेशर सोडायला पण एक व्हॉल्व्ह लावा." मला राग आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की मला उचकी लागते.

बोये घेणार होते वरोरचे एक म्हातारे तांडेल. होडीवरचा मुख्य माणूस तो तांडेल. गावातल्या बऱ्याच होड्यांची खरेदी यांच्या शब्दावर व्हायची. जुने चिकटवलेले बोये समुद्रात सुटे होतात म्हणून ते वैतागले होते. आमचा नवा बोया त्यांनी सुरीने कापला, पाण्यात दाबला, पिळला आणि म्हणाले, "हा बोया नाय, हा स्पंज. हा जाळं घेऊन तळाला बसंल." तरी आणखी एकदा बघतो म्हणाले. तीच शेवटची संधी होती. आणि ती नेमकी कधी आली, तर माझ्या चुलत बहिणीचा घोलवडला साखरपुडा होता त्या दिवशी.

मी आईला म्हटलं, अकराला निघते, बाराच्या आत पोचते. सकाळी सातला कारखान्यात हजर झाले. हंड्याच्या झाकणाची रिंग गळायला लागली. ती बदलण्यात दोन तास गेले आणि माझ्या नाकी नऊ आले. गोळे आत ठेवून दाब चढवला तेव्हा दहा वाजत आले होते. पुढे तासभर मुरायला ठेवायचं, मग चाळीस मिनिटं सोडायचं. खोलीच्या दारावर मीच लाल रंगाने लिहिलं होतं की दाब असेपर्यंत दार उघडायचं नाही. आत मी आणि ताई, बाहेर ऑफिसात शेठ आणि तांडेल चहा पीत बसलेले.

तेवढ्यात आईचा फोन आला. माझे दोन्ही हात हीटरच्या बटणांवर होते. मी म्हटलं, "ताई, घे आणि आईला सांग, उशीर होईल." कॉम्प्रेसर धडधडत होता. ताईने एक कान बोटाने बंद केला आणि ओरडून बोलायला लागली. मी तिचं सगळं बोलणं ऐकलं, आणि मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही. एम.एस्सी. होऊन माणसाचं असं होतं.

आई काय बोलत होती ते मला नंतर कळलं. आईने विचारलं, "निघतेय ना ती अकराला?"

"नाय, नाय निघता येणार. आत हाय. दरवाजा बंद केलाय."

"का? काय झालं?"

"प्रेशर लई वाढलंय. क्रिटिकलच्या पण वर गेलंय. सुपरक्रिटिकल."

"अगं बाई. डॉक्टर काय म्हणाले?"

ताईला कॉम्प्रेसरमध्ये डॉक्टर ऐकू आला नाही, नुसतं काय म्हणाले तेवढं ऐकू आलं. "शेठ बोलले, तासाभरानं सोडणार. हळूहळू सोडणार, एकदम नाय." मग तिला वाटलं की आईचा आवाज कापतोय, म्हणून धीर देत म्हणाली, "तुम्ही घाबरू नका, मी हाय जवळ."

आणि फोन टेबलावर उपडा ठेवून दिला.

आपल्या भाषेत कर्ता गाळला तरी चालतो, हे शाळेत बाईंनी शिकवलं होतं. चालतं म्हणजे किती चालतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ताईचा एकही शब्द खोटा नव्हता. आईने तो आत्याला सांगितला, आत्याने मांडवात सांगितला, आणि ध चा मा होत होत टेम्पोत बसेपर्यंत माझं प्रेशर जाऊन मीच गेले होते. टेम्पो स्टेशनला माल पोचवायला उभा होता, चिकूच्या पेट्या भरलेला. कुणी पेट्या उतरवल्या नाहीत. शालू, फेटे आणि नवरदेव, सगळे पेट्यांवर बसून निघाले. नवरदेवाला कुणी बोलावलं नव्हतं म्हणे, पण सगळेच चढताहेत म्हटल्यावर तोही चढला.

मुरायची वेळ संपली. मी बारीक व्हॉल्व्हला हात घालते आहे तोच वॉचमनकाका खिडकीशी आले आणि काचेवर टकटक करू लागले.

"मॅडम, तुमच्या घरचे आलेत."

"आत्ता? कशाला?"

काका अवघडले. "तुम्ही गेलात, असं म्हणतायत."

"मी कुठे गेले?"

"गेलात म्हणजे... गेलात."

मग मला आईचा आवाज ऐकू आला. आईचं रडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे बायका कांदा कापताना रडून घेतात. मी व्हॉल्व्ह तसाच टाकून खिडकीपाशी धावले आणि काचेवर हात आपटत ओरडले, "आई, मी आहे, मी जिवंत आहे." पण माझ्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क. फाटकापाशी उभ्या माणसांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडं फिरवली. त्यांना वाटलं असणार, ही तिथलीच कुणी दु:ख करणारी.

"मॅडम, तुमची आय रडतेय," ताई म्हणाली.

"ऐकू येतंय मला."

"चाळीस मिनटं रडंल ती."

मी आईला फोन लावला, तो वाजतच राहिला; घाईत ती तो मांडवातच विसरली होती. काकांना सांगता आलं असतं की जा आणि सांगा ती जिवंत आहे, पण ते खिडकीपासून कधीच फाटकाकडे पळाले होते आणि स्वत:च डोळे पुसत होते. ताईने दाब दाखवणाऱ्या गेजच्या सुईकडे बघितलं. मग बाहेर बघितलं. मग ती मोठ्या व्हॉल्व्हकडे गेली आणि लाल चिंधीची गाठ सोडायला लागली.

"ताई, शेठनी सांगितलंय," मी म्हटलं. "उद्या तुला परत डब्यावर पाठवतील. हंड्याजवळसुद्धा येऊ देणार नाहीत."

"स्पंज निघाला तरी पाठवणारच हायत." गाठ तिने दातांनी सोडवली. "आणि रोज तुम्ही भांडता ते याच्यासाठीच ना? कान झाका."

मी कान झाकले. ती थांबली असती असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला थांबवायची मला इच्छाच नव्हती. माझं मन नुसतं उड्या मारत होतं.

तो आवाज मी लिहू शकत नाही. पत्रे थरथरले, टेबलावरचा फोन खाली पडला, लांब कुठेतरी म्हैस ओरडली. छपरावरच्या पाइपातून पांढरं धुकं फसफसत उठलं, थंड आणि जड असल्यामुळे वर गेलं नाही, पत्र्यावरून ओघळून अंगणात उतरलं. चिकूच्या पेट्या, फेटे, शालू, नवरदेव, सगळं त्यात दिसेनासं झालं. आत्याने हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाली, "सोडलं गं बाई. गेली पोर." तासाभराने सोडणार, हे तिने ऐकलंच होतं.

सुई शून्यावर आली. मी दार उघडून धावले. धुक्यातून हेल्मेट घातलेली एक बाई आपल्याकडे येते आहे, हे बघून सगळे दोन पावलं मागे सरले. मी हेल्मेट काढलं. आईने आधी माझ्या थोबाडीत मारली, मग मला इतकं घट्ट धरलं की गॉगल वाकला. मी हसत होते, ती रडत होती, मग ती हसायला लागली आणि मी रडायला लागले. बाबांनी पेटीतला एक गार झालेला चिकू काढून माझ्या हातात दिला, आणि मी तो तिथंच उभ्याने, सालीसकट खाल्ला. पुढे कितीतरी दिवस ते लोकांना सांगायचे की धुक्यातले ते चिकू दोन दिवस जास्त टिकले. मी म्हणायचे, असेल, सीओटूने पिकणं लांबतं. ते म्हणायचे, तुझं शिक्षण कुठेतरी उपयोगी पडलं.

तेवढ्यात शेठ आले. त्यांच्या हातात ती लाल चिंधी होती. मागून तांडेल.

"हा कोणी उघडला?"

"मी," मी म्हटलं.

"मी," ताई म्हणाली, त्याच क्षणी. मग माझ्याकडे बोट दाखवून, "मॅडमचे हात कानावर होते."

शेठ चिंधी मुठीत चुरगाळत राहिले. त्यांना राग आला की ते बोलत नसत, आणि ते बोलले नाहीत की मला घाम फुटायचा. ताई सरळ उभी होती. हात मात्र पदरात गुंडाळलेले होते.

"आधी उघडा तर," तांडेल म्हणाले.

हंड्याचं झाकण काढलं. आत ठेवलेले गोळे लिंबाएवढे होते, बाहेर आले ते नारळाएवढे. पांढरे, गुळगुळीत, हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटू नये इतके हलके. तांडेलांनी एक उचलून नाकाला लावला. मग सुरी काढून मधोमध कापला. आत भोकं नव्हती. रव्यासारखा दाणा होता, एकसारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यांनी तो पाण्याच्या पिंपात घातला, वर दगड ठेवून तो बुडवून टाकला आणि स्वत: पेटीवर बसून आईशी चिकूच्या भावाबद्दल बोलू लागले. पंधराएक मिनिटांनी दगड काढला. बोया उसळून वर आला. पिळला, तर पाण्याचा एक थेंब नाही.

"हां," तांडेल म्हणाले. "हा पाण्याला भीत नाय." आणि शेठकडे वळून, "जिनं सोडला, तिनंच सोडायचा. दुसऱ्यानं सोडलेला मी घेणार नाय."

शेठनी चिंधीकडे बघितलं, ताईकडे बघितलं, फाटकाबाहेर म्हशीचा मालक येताना दिसत होता त्याच्याकडेही बघितलं. "बेन," ते ताईला म्हणाले, "उद्यापासून दुपारी पण इकडेच. पण सोडायच्या आधी त्या म्हशीवाल्याला सांगून यायचा."

ताई हो म्हणाली, इतक्या हळू की शेठना दोनदा विचारावं लागलं. मी तिला उचलायला गेले आणि दोघी चिकूच्या पेटीवर पडलो. साखरपुडा दुपारी तीनला झाला, घोलवडलाच, आणि नवरदेवाच्या फेट्याला तोवर ओल सुटलेली होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ताई एकदा उशिरा आली. डोळे लाल, चेहरा उतरलेला, उजवा हात डाव्या हाताने धरलेला.

"काय झालं गं?"

"झोप नाय मॅडम. पोरगी." ती वैतागून सांगायला लागली. "माझ्याच हातावर डोकं, माझ्याच केसांत तोंड. सरकवली तर परत येते. आजी बोलावते तर जात नाय. हात पार बधिर झालाय, बघा, उचलत नाय."

डोळे भरून आले म्हणून मी गेजकडे वळले आणि उगाच चिडून म्हटलं, "मग आता व्हॉल्व्ह कुठल्या हाताने उघडणार?"

"दुसरा हाय ना," ताई म्हणाली, आणि म्हशीवाल्याला सांगायला निघाली.